‘एनडीएल ३८’: डाइव्ह कम्प्युटरचा हा आकडा येतो कुठून

१८ मीटर खोलीवर मनगटावरच्या कम्प्युटरवर ‘एनडीएल ३८’ (नो-डिकम्प्रेशन लिमिट) असं दिसतं. म्हणजे याच खोलीवर अजून ३८ मिनिटं राहिलात तरी वाटेत सक्तीचा थांबा न घेता वर येता येईल. पण हा आकडा तुमच्या अंगातलं काहीही मोजून आलेला नाही. कम्प्युटरला दोनच गोष्टी कळतात, पाण्याचा दाब आणि वेळ. श्वासात कुठला वायू आहे हे तुम्ही सांगाल तेच तो खरं धरतो. बाकी सगळं गणित आहे. ते एकदा कागदावर करून पाहिलं की डाइव्ह-टेबलाचे (कुठल्या खोलीवर किती वेळ, याच्या छापील तक्त्याचे) नियम घोकावे लागत नाहीत आणि कम्प्युटरवर कुठे विसंबायचं, कुठे नाही, हेही कळतं.

आधी दाबाचा हिशोब

समुद्रसपाटीला हवेचा दाब साधारण १ बार. खाऱ्या पाण्यात दर १० मीटरला त्यात आणखी १ बारची भर. म्हणजे १८ मीटरवर २.८ बार, ३० मीटरवर ४ बार. रेग्युलेटर तुम्हाला त्या-त्या खोलीच्या दाबाचीच हवा देतो. हवेत ७९ टक्के नायट्रोजन, त्यामुळे त्याचा आंशिक दाब (एकूण दाबातला त्याचा वाटा) किनाऱ्यावर ०.७९ बार, १८ मीटरवर २.२१ आणि ३० मीटरवर ३.१६.

शरीर हा नायट्रोजन वापरत नाही. तो रक्तातून ऊतींमध्ये विरघळत जातो, आतला आणि श्वासातला दाब सारखा होईपर्यंत. वर येताना तो उलट वाटेने, रक्तातून फुफ्फुसात आणि तिथून बाहेर पडतो. याला वेळ लागतो. वेळ दिला नाही तर ऊतींत आणि रक्तात बुडबुडे धरतात, आणि डिकम्प्रेशनचा आजार होतो तो त्यातूनच. या बुडबुड्यांत मुख्यतः नायट्रोजन असतो हे फ्रान्सच्या पॉल बेर यांनी १८७८ मध्ये दाखवून दिलं होतं. पण वर किती वेगाने यायचं, कुठे किती थांबायचं, याचं वापरण्याजोगं उत्तर यायला आणखी तीस वर्षं गेली.

हॉल्डेन यांचे पाच कप्पे

ब्रिटिश नौदलासाठी जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी बॉयकॉट आणि डॅमंट यांच्यासोबत बकऱ्यांवर प्रयोग केले आणि १९०८ मध्ये टेबल छापलं. दाब उतरल्यावर सांधा दुखायला लागला की बकरी पुढचा पाय उचलून धरायची, त्यावरून त्रास ओळखता यायचा. यातून निघालेल्या दोन कल्पना आजच्या कम्प्युटरमध्येही आहेत.

पहिली: सगळं शरीर सारख्या वेगाने नायट्रोजन घेत नाही. भरपूर रक्तपुरवठ्याचे भाग लवकर भरतात, कमी रक्ताचे हळू. म्हणून गणितात शरीराचे कप्पे पाडायचे आणि प्रत्येकाला एक अर्धकाळ द्यायचा, म्हणजे उरलेल्या फरकापैकी निम्मा फरक भरून निघायला लागणारा वेळ. हॉल्डेन यांचे अर्धकाळ होते ५, १०, २०, ४० आणि ७५ मिनिटं. एका अर्धकाळात कप्पा ५० टक्के भरतो, दोनात ७५, तीनात ८७.५, सहात ९८ टक्क्यांच्या वर. रिकामा होतानाही हाच हिशोब. हे कप्पे म्हणजे अमुक एक अवयव नव्हेत. ‘२० मिनिटांचा कप्पा म्हणजे स्नायू’ असं कुणी ठासून सांगितलं तर ते सोडून द्या.

दुसरी: थोडा जादा दाब शरीर सहन करतं. हॉल्डेन यांनी सगळ्या कप्प्यांना एकच प्रमाण लावलं: बाहेरचा एकूण दाब निम्म्यावर आला तरी चालतं. पुढे अमेरिकी नौदलाच्या रॉबर्ट वर्कमन यांनी १९६५ मध्ये हे दुरुस्त केलं. लवकर भरणारे कप्पे जास्त जादा दाब सोसतात, हळू भरणारे कमी, म्हणून प्रत्येक कप्प्याला त्याची वेगळी कमाल मर्यादा. तिला एम-व्हॅल्यू म्हणतात. पाण्याबाहेर येताना कप्प्यात जास्तीत जास्त किती नायट्रोजन चालेल याचे त्यांचे आकडे बारमध्ये साधारण असे: ५ मिनिटांच्या कप्प्याला ३.२, २० मिनिटांच्या २.२, ४० मिनिटांच्या १.७१, ८० मिनिटांच्या १.६५.

आता स्वतः मांडून पाहा

कागद घ्या. डाइव्ह १८ मीटरची, हवेवर, ६० मिनिटं. सुरुवातीला प्रत्येक कप्प्यात ०.७९ बार नायट्रोजन आहे आणि खाली श्वासात २.२१. फरक १.४२.

५ मिनिटांचा कप्पा अर्ध्या तासातच जवळजवळ पूर्ण भरतो, २.२१ ला पोचतो. त्याची मर्यादा ३.२ आहे, म्हणजे १८ मीटरवर दिवसभर बसलात तरी हा कप्पा तक्रार करणार नाही. २० मिनिटांच्या कप्प्याचे ६० मिनिटांत तीन अर्धकाळ होतात: फरकाचे ८७.५ टक्के, म्हणजे १.२४. त्यात ०.७९ मिळवा, झाले २.०३. मर्यादा २.२, अजून जागा आहे. ४० मिनिटांच्या कप्प्याचे दीड अर्धकाळ: फरकाचे ६४.६ टक्के, म्हणजे ०.९२. ०.७९ मिळवून १.७१. मर्यादा १.७१. इथे काठ आला. ८० मिनिटांचा कप्पा तोवर १.३७ पर्यंतच चढलेला असतो.

अमेरिकी नौदलाच्या जुन्या टेबलात ६० फुटांना, म्हणजे १८ मीटरला, ६० मिनिटांची मर्यादा छापलेली असायची. ती अशी येते. जो कप्पा सगळ्यात आधी काठाला लागतो तो त्या डाइव्हचा मालक. ३० मीटरवर हाच हिशोब केला तर मालकी १० आणि २० मिनिटांच्या कप्प्यांकडे जाते आणि वेळ २०–२५ मिनिटांवर येतो. खोल डाइव्हला लवकर भरणारे कप्पे अडवतात, उथळ आणि लांबलेल्या डाइव्हला हळू भरणारे. नवख्याने एवढं एक वाक्य लक्षात ठेवलं तरी पुढचं बरंच सोपं होतं.

या हिशोबात फुफ्फुसातली पाण्याची वाफ धरलेली नाही आणि खाली-वर जायचा वेळही सोडून दिला आहे. तो समजून घेण्यापुरताच. पाण्यात उतरताना छापील टेबल किंवा कम्प्युटरच वापरायचा.

टेबल वाचताना

टेबल म्हणजे हाच हिशोब आधीच करून, वरचा आकडा धरून, छापून ठेवलेला. डायव्हिंग शिकवणाऱ्या पॅडी संस्थेचं १९८८ सालापासूनचं मनोरंजन-डायव्हिंगचं टेबल नौदलापेक्षा जास्त सावध आहे. ते ठरवताना माणसांवर चाचण्या घेतल्या आणि डॉप्लर यंत्राने रक्तातल्या बुडबुड्यांचा आवाज ऐकून मर्यादा तपासल्या. त्रास होत नसला तरी रक्तात बुडबुडे असू शकतात, हे डॉप्लरमुळेच उमगलं. त्यातल्या पहिल्या डाइव्हच्या मर्यादा:

१० मीटर – २१९ मिनिटं
१४ मीटर – ९८
१८ मीटर – ५६
२० मीटर – ४५
२५ मीटर – २९
३० मीटर – २०
४० मीटर – ९

वापरायची पद्धत अशी. खोली धरायची ती डाइव्हमधली सगळ्यात जास्त, भले तिथे अर्धंच मिनिट गेलेलं असो. आकडा दोन रकान्यांच्या मधला असेल तर पुढचा, जास्त खोलीचा रकाना: १६.४ मीटर झाले तर १८ चा. वेळ मोजायचा खाली जायला सुरुवात केल्यापासून थेट वर निघेपर्यंत. इथे नवखे हमखास चुकतात. तळाला पोचल्यावर घड्याळ सुरू करतात आणि चार-पाच मिनिटं हिशोबातून गळतात.

आता सिलिंडरकडे बघा. नेहमीचा अ‍ॅल्युमिनियमचा सिलिंडर ११.१ लिटरचा, २०० बारला भरलेला. ५० बार राखून ठेवले तर वापरायला साधारण १,६६५ लिटर हवा. नवखा डायव्हर किनाऱ्याच्या दाबाला मिनिटाला २० लिटर हवा वापरतो असं धरू. १० मीटरवर ४० लिटर लागते, म्हणजे ४१ मिनिटं. टेबलाची मर्यादा २१९. १८ मीटरवर ३० मिनिटं, मर्यादा ५६. ३० मीटरवर २० मिनिटं, आणि मर्यादाही २०. म्हणूनच तारकर्ली-मालवणला उथळ पाण्यात होणाऱ्या, पहिल्यांदाच उतरणाऱ्यांच्या डाइव्हमध्ये डिकम्प्रेशनची मर्यादा आड येतच नाही. तिथे खरा धोका वर येताना श्वास रोखून धरण्याचा असतो. फुफ्फुसातली हवा फुगते, आणि त्याला दोन मीटरसुद्धा पुरतात. डिकम्प्रेशनचा हिशोब अंगावर येतो तो खोल डाइव्हला आणि त्याच दिवशीच्या दुसऱ्या-तिसऱ्या डाइव्हला.

दुसरी डाइव्ह

१८ मीटरवर ४० मिनिटं काढून वर आलात. ४० मिनिटांच्या कप्प्यात १.५० बार आहे. तासभर होडीवर बसलात. जादा ०.७१ पैकी ०.२५ उरले, म्हणजे कप्पा १.०४ वर. पुन्हा १८ मीटरवर गेलात तर १.७१ चा काठ ६० ऐवजी ४९ मिनिटांतच येईल. त्या तासभरात ५ मिनिटांचा कप्पा पुरता रिकामा झाला, पण हळू भरणारे कप्पे सकाळचा नायट्रोजन अजून सांभाळून आहेत.

छापील टेबल याहून कडक असतं, कारण पाण्याबाहेरच्या वेळेचा हिशोब ते आणखी हळू कप्प्यावर करतं: पॅडीचं ६० मिनिटांच्या, अमेरिकी नौदलाचं १२० मिनिटांच्या. म्हणूनच पॅडीच्या टेबलात सहा तासांनी पाटी कोरी होते, नौदलाच्या जुन्या टेबलात बारा तासांनी. टेबलावर क्रम असा: पहिल्या डाइव्हनंतरचं अक्षर (अंगात किती नायट्रोजन उरला याचा गट) काढा, बाहेरचा वेळ लावून नवं अक्षर काढा, दुसऱ्या डाइव्हच्या खोलीखाली त्या अक्षराची ‘उरलेली नायट्रोजनची मिनिटं’ शोधा आणि ती प्रत्यक्ष वेळेत मिळवा. ही बेरीज विसरली तर टेबल वापरूनही उपयोग शून्य.

एका टेबलाचं अक्षर घेऊन दुसऱ्या संस्थेच्या टेबलात कधीही शिरू नका. दोघांचं ‘एफ’ सारखं नसतं.

कम्प्युटर काय वेगळं करतो

टेबल सगळी डाइव्ह सर्वांत खोल बिंदूवर झाली असं धरतं. कम्प्युटर दर काही सेकंदांनी खोली घेतो आणि सगळे कप्पे नव्याने मोजतो. म्हणून ३० मीटरला पाच मिनिटं जाऊन मग १२ मीटरच्या खडकावर रेंगाळलात की तो टेबलापेक्षा पुष्कळ जास्त वेळ देतो. हा फायदा खरा आहे. पण टेबलाच्या ढोबळपणात जी आयती सवलत दडलेली असायची ती इथे उरत नाही, हेही तितकंच खरं.

बऱ्याच कम्प्युटरांत झुरिकच्या अल्बर्ट ब्युलमन यांचं १६ कप्प्यांचं गणित असतं. सगळ्यात हळू कप्प्याचा अर्धकाळ ६३५ मिनिटं, साडेदहा तासांहून जास्त. अंदमानात रोज तीन-चार डाइव्ह करत आठवडा काढला तर हे हळू कप्पे रात्रीतून रिकामे होत नाहीत. मधे एक कोरडा दिवस ठेवायला सांगतात तो याचसाठी.

पाण्यात जायच्या आधी सेटिंगमध्ये तीन गोष्टी बघा.

वायू. नायट्रॉक्स ३२ (३२ टक्के ऑक्सिजनचं मिश्रण) घेतला आणि कम्प्युटर हवेवर राहिला तर नायट्रोजनच्या बाबतीत तुम्ही जास्त सुरक्षित बाजूला असता, पण ज्याखाली ऑक्सिजनच घातक ठरू शकतो ती कमाल खोली (त्याच्या १.४ बार आंशिक दाबाच्या हिशोबाने ३३ मीटर) तो दाखवणार नाही. उलट झालं, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा आणि कम्प्युटरवर ३२, तर तो खोटी जास्तीची मिनिटं देत राहील. ही चूक जास्त घातक, आणि ती आदल्या दिवशीचं सेटिंग तसंच राहिल्याने होते. नायट्रॉक्सचा फायदा किती? ३० मीटरवर ३२ टक्क्यांचं मिश्रण म्हणजे नायट्रोजनच्या दृष्टीने हवेवरचे २४.४ मीटर. टेबलात २० ऐवजी २९ मिनिटं.

सावधपणाची पातळी. काही कम्प्युटरांत ‘४०/८५’ असे दोन आकडे असतात, एरिक बेकर यांनी मांडलेले ग्रेडियंट फॅक्टर. सक्तीचा थांबा नसलेल्या डाइव्हमध्ये मुख्यतः दुसराच आकडा कामाचा: काठापासून किती अलीकडे थांबायचं. आपल्या हिशोबात १८ मीटरवर काठ ६० मिनिटांना होता. ८५ टक्के ठेवले तर सुमारे ४९ मिनिटं मिळतात, ७० ठेवले तर सुमारे ४०. काही कंपन्या हेच ‘पी१, पी२’ किंवा ‘कमी-मध्यम-जास्त’ असं लिहितात. वय जास्त असेल, थंडी वाजत असेल, प्रवाहाविरुद्ध पोहावं लागलं असेल, पाणी कमी प्यायलं गेलं असेल, तर एक पायरी सावध बाजूला सरका. यातलं काहीच कम्प्युटरला दिसत नाही. जन्मतः हृदयाच्या पडद्यात राहिलेलं छोटं छिद्रही दिसत नाही. ते साधारण चारांतल्या एकाला असतं आणि त्यातून बुडबुडे फुफ्फुसाची गाळणी चुकवून पुढे जाऊ शकतात.

बॅटरी. डाइव्हच्या दिवशी मधेच बॅटरी बदलली तर काही मॉडेल्स आधीचा नायट्रोजन विसरतात.

शेवटचं म्हणजे, प्रत्येकाचा कम्प्युटर वेगळा, आणि दिवसभर तोच. बडी (डाइव्हमधला जोडीदार) तुमच्यापेक्षा तीन मीटर वर पोहत असेल तर त्याचा आकडा तुमचा नव्हे. सकाळी ज्याने पाणी पाहिलेलंच नाही असा भाड्याचा कम्प्युटर दुपारी घातलात तर तो तुम्हाला ताजेतवाने समजेल.

वर येताना

३० मीटरवरून २० वर आलात की दाब ४ वरून ३ बार होतो. १० वरून पृष्ठभागावर आलात की २ चा १, थेट निम्मा. म्हणून शेवटचे दहा मीटर सगळ्यात हळू.

वेग मिनिटाला ९ मीटरच्या आत ठेवा. खाली अजून दहा मिनिटं शिल्लक असतानाच निघा, शून्य व्हायची वाट पाहू नका. ५ मीटरवर ३ मिनिटं थांबा. ३० मीटर किंवा जास्त खोल गेला असाल, किंवा मर्यादेच्या जवळ गेला असाल, तर पॅडीच्या नियमात हा थांबा ऐच्छिक राहत नाही. थांबा संपल्यावर बीसीडीत (हवा भरून तरंगायच्या जाकिटात) हवा भरून वर झेपावू नका, उरलेल्या पाच मीटरला निदान अर्धं मिनिट द्या. थांबताना बीसीडी जवळजवळ रिकामं आणि वजन बरोबर हवं. कमी वजन घेतलेला डायव्हर रिकाम्या होत आलेल्या सिलिंडरसह पाच मीटरवर टिकू शकत नाही, बुचासारखा वर निघतो.

मर्यादा ओलांडली तर घाबरून वर जाऊ नका. कम्प्युटर थांब्याची खोली आणि मिनिटं दाखवेल, तेवढी पुरी करा. पॅडीच्या टेबलावर असाल तर ५ मिनिटांपर्यंत जास्त झाल्यास ५ मीटरवर ८ मिनिटं, मग सहा तास डाइव्ह नाही. त्याहून जास्त झाल्यास हवा पुरेल तितकं, निदान १५ मिनिटं, मग २४ तास डाइव्ह नाही. थांबा चुकवल्यास बरेच कम्प्युटर स्वतःला २४ ते ४८ तास कुलूप लावतात. अशा वेळी दुसरा कम्प्युटर शोधायचा नाही. थांबायचं.

विमान, आणि आपला घाट

मर्यादेच्या आतल्या एका डाइव्हनंतर निदान १२ तास, अनेक डाइव्ह किंवा अनेक दिवसांनंतर १८ तास, सक्तीचे थांबे घेतले असतील तर १८ तासांहून बरंच जास्त, एवढा वेळ विमान टाळायचं. चिपी किंवा मोपा विमानतळावरून संध्याकाळचं तिकीट काढताना हे आधी धरा.

घाटाचा विचार मात्र फारसा कुणी करत नाही. वरचे तास ६१० मीटरपासून पुढच्या उंचीसाठी आहेत, आणि आंबोली सुमारे ६९० मीटरवर आहे. मालवणला दुपारी दुसरी डाइव्ह करून लगेच गाडी काढली तर तुम्ही त्याच संध्याकाळी उंचीवर पोचता. उथळ, छोट्या डाइव्हनंतर धोका लहान असतो, पण कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाला किंवा गोव्यात दोन-तीन डाइव्ह करून थेट घाट चढणं टाळावं. रात्र खाली काढा, किंवा मुंबईला जायचं असेल तर कोकणातल्या महामार्गाने जा.

त्रास झाला तर

सांध्यात खोल दुखणं, कातडीवर निळसर-लाल जाळी, मुंग्या, हातापायात अशक्तपणा, चक्कर, लघवी न होणं, न शोभणारा थकवा. बहुतेक लक्षणं पहिल्या काही तासांत दिसतात. ‘सिलिंडर उचलून खांदा भरून आला असेल’ म्हणत रात्र घालवणं, यातच सगळ्यात जास्त नुकसान होतं.

आडवं झोपवा, १०० टक्के ऑक्सिजन सुरू करा, शुद्धीवर असेल आणि मळमळ नसेल तर पाणी द्या. ऑक्सिजनने बरं वाटलं तरी तो बंद करून घरी पाठवू नका. परत पाण्यात उतरवून बरं करायचा प्रयत्न करू नका. रुग्णवाहिकेसाठी १०८, आणि पोचताक्षणी डॉक्टरांना सांगा की आज डाइव्ह केली होती. हे न सांगितल्यास उपचार भलत्याच दिशेला जातात. खरा उपचार दाबकक्षात होतो. मुंबईत कुलाब्याला नौदलाच्या ‘अश्विनी’ रुग्णालयात अशी सोय आहे. नेहमीच्या उपचारात १८ मीटरइतक्या दाबाखाली ऑक्सिजन देऊन सुरुवात करतात आणि पूर्ण फेरीला पावणेपाच तास लागतात. डाइव्ह सेंटरला उतरण्याआधीच विचारा: होडीवर ऑक्सिजन आहे का, सिलिंडर भरलेला आहे का, तो किती मिनिटं पुरेल, जवळचा दाबकक्ष कुठे.

आणि कम्प्युटर रुग्णाबरोबरच पाठवा, त्याच्या सेटिंगला हात न लावता. खोली, वेळ, वर येण्याचा वेग, मधला बाहेरचा वेळ, सगळं त्यात नोंदलेलं असतं, आणि डॉक्टरांना पहिल्या पाच मिनिटांत तेच हवं असतं.